तपकिरी पेशी कुणाच्या

"स्लाइड एवढी स्पष्ट आहे, मग रिपोर्टवरची सही का अडवलीत, मॅडम?"

डॉ. विश्राम टोपले उभ्यानंच विचारत होता. मिरजेच्या त्या पॅथॉलॉजी विभागात शिकायला येऊन त्याला दोन वर्षं झाली होती. आपली नजर पक्की झाली याबद्दल त्याला शंका नव्हती. शंका होती ती विभागप्रमुख शेट्येमॅडमबद्दल. निवृत्तीला आल्या, नव्या तपासण्यांवर यांचा भरवसाच नाही... असं त्याला आताशा वाटे.

स्लाइडवर यल्लूबाई खोतांच्या फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा होता. फुप्फुसाच्या पेशी ओळखणारा रंग त्यावर चढवला होता. त्या पेशी तपकिरी होतात, बाकीच्या निळ्या राहतात. विश्रामला तपकिरी दिसलं होतं. म्हणजे कॅन्सर मूळचा फुप्फुसाचाच. गुरुवारी फुप्फुसाचा मोठा भाग काढायचं ठरलंसुद्धा होतं.

मॅडमनी पेन पुढं केलं. "तपकिरी दिसेल तिथं काचेवर टिंब दे."

"कशाला?"

"दे तर."

त्यानं मायक्रोस्कोपला डोळे लावले. कुरकुरत टिंबं दिली. चार... सात... दहा.

"आता काच उजेडात धर."

त्यानं धरली. टिंबं सगळी तुकड्याच्या दोन टोकांना. मधली अख्खी गाठ निळी.

"हे कडेचं तपकिरी..."

"हं?"

"गाठीत अडकलेल्या चांगल्या फुप्फुसाच्या पेशी आहेत." त्याचा आवाज उतरला. "मग गाठ कुठली?"

मॅडमनी दाराकडं बोट केलं. "पेशंटला विचार."

तो वॉर्डात यल्लूबाईंकडं गेला. "आजी, याआधी कसलं ऑपरेशन झालंय?"

"आतड्याची गाठ काडली की. आठ वर्सं झाली."

"सांगितलं का नाहीत?"

"तुमी समद्यांनी छातीचंच इचारलासा."

दुसऱ्या दिवशी आतड्याच्या पेशी ओळखणारा रंग चढवला. गाठ आरपार तपकिरी झाली. आठ वर्षांपूर्वीचा रोग छातीत येऊन बसला होता. गुरुवारचं ऑपरेशन थांबलं. आधी सगळं शरीर तपासायचं ठरलं.

विश्रामनं नवा रिपोर्ट मॅडमपुढं ठेवला. मान खालीच होती.

"तुमचा संशय खरा ठरला, मॅडम."

मॅडमनी सही केली नाही. त्या उठल्या आणि आपली खुर्ची त्याच्याकडं सरकवली.

"बस. सही नंतर. आता माझ्या संशयात कुठं चुकलंय ते शोध."