खाली न उतरलेला वानर

कळप म्हणे, ‘आम्ही त्या हरिणीचे रक्षण करत होतो.’ मग ती मेली कशी? हिरव्यागार कुरणात, पोट खपाटीला जाऊन?

मुलांनो, एका जंगलात हरणांच्या कळपात एक हरिणी आपल्या पाडसासह राहत असे. झाडावर एक वानर पहारा करी. वाघ दिसला की तो ‘खर्र खक्!’ असा ओरडे. ते ऐकताच हरिणीचे काळीज धडधडे, पोटातले पचन थांबे आणि सगळे बळ पायांत येई. ती पाडसाला घेऊन पळत सुटे. वाघ गेला की वानर खाली उतरे. ती ‘आता भीती नाही’ अशी खूण होती. मग सगळा कळप नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडी आणि चरू लागे. वानर उतरल्याशिवाय अंग झाडायचे नाही, हा कळपाचा नियम होता.

एकदा वानराला डुलकी लागली आणि वाघाने एक हरीण नेले. म्हातारे हरीण संतापून म्हणाले, “खोटी हाक चालेल, पण गप्प बसलेलं चालणार नाही!” वानर शरमला. तेव्हापासून पान हलले तरी तो ओरडे. खाली उतरणे तर त्याने सोडूनच दिले.

“आई, भूक!” पाडस कासेला ढुशा देई.

“थांब रे बाळा, वानरदादा अजून वरच आहे.”

पाठीवर बसून गोचिड्या टिपणारी साळुंकी घाबरून म्हणाली, “अगं, तुझं काळीज केवढं धडधडतंय! कुठाय वाघ?”

“नसेल. पण हाक आहे ना!” हरिणी म्हणाली. तिचे कान उभेच होते. तोंडातला घास घशाखाली उतरत नव्हता. हळूहळू तिचे दूध आटले, आणि एका सकाळी उभ्या उभ्याच ती कोसळली.

“वाघ! वाघ!” कळप ओरडला. पण तिच्या अंगावर एक ओरखडाही नव्हता. हादरलेला वानर धावत खाली आला. त्याचे पाय जमिनीला लागताच सवयीने सगळ्या कळपाने अंग झाडले. फक्त तिने झाडले नाही. पाडस तिच्याकडे पाहतच राहिले. शेवटी दुसऱ्या एका हरिणीने त्याला चाटून जवळ ओढले.

तात्पर्य : भीती पळण्यापुरती असावी; संकट टळल्यावरही जी शरीराला विसावू देत नाही, ती भीतीच जीव घेते.

पुढे वाघ त्या रानात परतला, तेव्हा साळुंकीने त्याला फांदीवरूनच सुनावले, “तुझ्या धाकानं मेली बिचारी!”

वाघ जागीच थबकला. “माझ्या? अगं, ते एक हरीण नेल्यापासून मी नदीपलीकडेच होतो!”