सशाने आईसाठी घेतलेला बंब

उंच डोंगरावरच्या एका जंगलात एक ससा आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन राहत असे. मुलांनो, त्या जंगलात थंडी फार कडक पडे. म्हणून तिथले प्राणी आपापल्या बिळात मातीचा बंब बसवत. खाली लाकडे पेटवायची, वर बंबाच्या पोटात पाणी तापायचे, आणि ते ऊन पाणी वेळूच्या नळ्यांमधून भिंतीकडेने घरभर फिरायचे. मात्र पोट काठोकाठ भरल्याशिवाय पाणी नळ्यांत शिरत नसे.

ससा स्वभावाने भित्रा. मागच्या हिवाळ्यात आईचे कान गारठून काळे पडले होते. ते त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. एके दिवशी तो बंब घडवणाऱ्या कोल्ह्याच्या अंगणात गेला आणि एका लहानशा बंबापुढे उभा राहिला. कोल्ह्याकडे अस्वलासाठी केलेला एक भला मोठा बंब पडून होता. अस्वल तो न नेताच दुसऱ्या जंगलात निघून गेले होते.

कोल्हा म्हणाला, "घ्या की तो लहान. उंदरानंही तसलाच नेलाय. पण ससेभाऊ, उद्या म्हातारीला हुडहुडी भरली तर लोक काय म्हणतील? मुलानं आईला ऊबसुद्धा मोजून दिली म्हणतील!"

ते ऐकून ससा लहान बंबापासून मागे सरला. त्याने मोठा बंब घेतला. तो आत जाईना, म्हणून बिळाचे दार खणून रुंद केले.

आईने बंबाभोवती सावकाश एक फेरी मारली. ती म्हणाली, "अरे बाळा, दोघांच्या भाकरीला पंगतीचा तवा कशाला? बीळ केवढं, राहणारे किती, सरपण कोण आणणार, एवढं तरी बघायचं होतंस."

"तू काही बोलू नकोस आई. आता तुला थंडी वाजायची नाही."

पहिल्यांदा बंब पेटवला तेव्हा बिळाची भट्टी झाली. म्हातारी घामाने निथळली. सशाने घाबरून जाळाला हवा देणाऱ्या भोकात चिखल कोंबला. मग जाळ बसला आणि लाकडे नुसती धुमसू लागली. धुराड्यात काजळीचा थर चढला, आत धूर कोंडला, आणि म्हातारीला खोकला लागला. भोक उघडले की उकाडा, बुजवले की धूर. या दोहोंत थंडी पुरती पडायच्या आधीच सुगीत साठवलेले सरपण संपत आले. आता ससा सारा दिवस लाकडे शोधत हिंडे. आई म्हणे, "जरा बस ना रे माझ्यापाशी." तो म्हणे, "आलोच."

मग दाट धुके उतरले. सूर्य दिसेना. रानातले पान अन् पान भिजले. सशाच्या घरात कवळभरच सुके लाकूड उरले होते. उंदीर दारात आला आणि बंबाकडे पाहून म्हणाला, "काय ससेभाऊ, हत्ती पाळलात खरा, चारा कुठून आणणार?" पण आतून म्हातारीचे कण्हणे ऐकू आले, तसा त्याचा आवाज खाली आला. "थट्टा राहू द्या. आजींना आमच्याकडे घेऊन चला. आमच्या बंबाला एवढं लाकूड उद्यापर्यंत पुरेल. दाटीवाटीनं बसू."

ससा आईला उठवायला आत वळला. मग त्याला कोल्ह्याचे बोलणे आठवले. "एवढा बंब घरात असताना आईला दुसऱ्याच्या दारी नेऊ? लोक हसतील मला."

"लोकांना थंडी वाजत नाहीये, ससेभाऊ," उंदीर म्हणाला आणि मान हलवत निघून गेला.

सशाने बंब काठोकाठ भरला आणि सगळे लाकूड एकदम घातले. जाळ भडकला, विझला. नळ्यांना हात लावला तर त्या तशाच गार. त्याने आईच्या अंगावर सुके गवत पसरले आणि तो धुक्यात धावत सुटला. भिजलेल्या फांद्यांची मोळी ओढत परत आला, तेव्हा आई भिंतीकडेच्या नळीला पाठ टेकून बसली होती. नळीइतकीच गार झाली होती.

दुसऱ्या दिवशी जंगलातले प्राणी समाचाराला आले. बिळात जागा नव्हती, म्हणून बरेच जण बाहेरच उभे राहिले. जो तो आत डोकावून म्हणे, "केवढा बंब! मुलानं आईसाठी काही कमी केलं नाही हो." उंदीर एका कडेला होता. तो बंबाखालची गार राख बघत होता.

कोल्हाही आला. त्याने डोळे पुसले आणि सशाच्या पाठीवर हात ठेवला. "मुलानं यापेक्षा आणखी काय करायचं असतं, ससेभाऊ?"

ससा खाली बघत म्हणाला, "पाणी कोमटसुद्धा झालं नव्हतं."

कोल्ह्याने समजूतदारपणे मान डोलावली आणि तो पुढच्या मंडळींना वाट करून देऊ लागला.

तात्पर्य : ज्याच्यावर आपली माया आहे, त्याला काय हवे आणि किती हवे, हे त्यालाच विचारावे. लोकांच्या भीतीने दिलेले जास्त हे ऐन वेळी कमीच पडते.