झोपाळ्याखालचं टक्कल

फार पूर्वी एका गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बागा होत्या. नवी बाग साळुंकीला म्हणाली, "माझी हिरवळ बघ, कुठं डाग नाही. 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटीच लावलीय. आणि पलीकडच्या त्या म्हाताऱ्या बागेच्या झोपाळ्याखाली बघ, टक्कल पडलंय!"

पलीकडून जुनी बाग ताठ्यात म्हणाली, "हो, पडलंय! माळी दर पावसाळ्यात तिथं गवत लावतो. वीस वर्षांत पोरांच्या पायांनी ते एकदाही टिकू दिलेलं नाही."

तेवढ्यात शाळा सुटली. पोरींच्या घोळक्यातल्या केतकीनं नव्या बागेची पाटी मोठ्यानं वाचली. "चला गं, इथं नको," म्हणाली आणि सगळ्या पोरी रस्ता ओलांडून झोपाळ्याकडे पळाल्या.

मग नवी बाग हळूच साळुंकीला म्हणाली, "तुझ्या चोचीनं ती पाटी उपटेल का गं?"