सटवाची उरलेली हाक

फाल्गुनातली अष्टमी होती. दिवस बरोबर कासराभर वर आला होता, तेव्हा हे सुरू झालं. आपल्या आज्यांच्या आज्या तेव्हा झोळीत होत्या, एवढी जुनी गोष्ट.

बोरदेव गावात सटवा नावाचा दवंडीवाला होता. हलगी वाजवायची आणि गावाला वर्दी द्यायची, हे त्याचं काम. त्या सकाळी गुराखी सांगत आले, ओढ्यात लांडगा उतरलाय, शेजारच्या गावातनं तान्हं पोर उचललंय त्यानं. पाटील म्हणाले, "सटवा, दवंडी दे."

सटवानं रिवाजाप्रमाणे चावडीपुढे दिली, देवळापुढे दिली, पारापाशी दिली. ओरडून ओरडून घसा बसला. पारावरचे म्हातारे हसले. "अरं सटवा, आमास्नी नेऊन लांडगा काय करंल? नुसती हाडं! त्याचंच दात पडतील."

सटवाही हसला. आणि मग त्याच्या ध्यानात आलं. ज्यांना लांडग्याचं भय नाही, त्यांनाच आपण सांगत बसलो! ज्यांची बाळं तान्ही, त्या तर सगळ्या ज्वारी काढायला गेलेल्या. आणि बाळं बांधावरच्या बाभळींना झोळीत टांगलेली.

पाटील म्हणाले, "आता बाजारात जा. शंभर माणूस हाय तिथं."

सटवानं घशाला हात लावला. "पाटील, गळ्यात एकच हाक उरलीया. बाजारात झोळी कुणाची हाय?"

आणि तो बांधाकडे पळाला. वाटेत लोक विचारत, "काय झालं रं?" बाई भरली घागर जपते तशी हाक जपत, तो ओठ मिटून पळत राहिला.

बांधावर अकरा झोळ्या होत्या. सगळ्यांत कडेला, ओढ्याच्या अंगाला, तानूची. तानूचं पोर जेमतेम दोन महिन्यांचं. आणि त्या झोळीमागचं गवत हलत होतं.

सटवानं हलगीवर थाप टाकली आणि हाक सोडली, "आयांनो, झोळ्या उतरवा!"

असं म्हणतात, ती हाक शेतातल्या बाकी कुणाला ऐकूच गेली नाही. फक्त अकरा जणींना गेली, कानाशी कुणी बोलावं तशी. अकरा विळे एकदम खाली पडले. तानू धावली, पोर छातीशी धरलं. मागे वळून बघते तर झोळीचं फडकं लांडग्याच्या तोंडात. रिकामं.

सटवाचा आवाज काही परत आला नाही. असं म्हणतात, तो बाभळींवरच राहिला. अजून वारं पडलेलं असताना रिकामी झोळी हलली, की बाया म्हणतात, सटवा फेरीला आलाय.

बोरदेवात आजही बाळाला पहिल्यांदा झोळीत घालताना आई दोरीवर दोन बोटांनी तीनदा थाप मारते. म्हणते, "सटवाबाबा, हाक दे." आणि झोळी अशा जागी बांधते, जिथून ती तिला दिसेल.

तर बायांनो, हे पुढे सांगा. गावभर नको. जिच्या वलणीवर दुपटी वाळताना दिसतील, तिला तेवढं सांगा.