पहिला वार कोणी करायचा

महागुरू भोईट्यांच्या काळ्या पट्ट्यावर सोनेरी रेघा इतक्या, की काळा रंग शोधावा लागे. एका रविवारी ते इचलकरंजीत ढोबळेबाईंच्या कराटेच्या वर्गात अवतरले. सोबत हॉलच्या कमिटीचे अध्यक्ष होते.

"आमची शैली थेट जपानच्या ओकिनावा बेटाची, बाकी सगळ्या नकला," महागुरूंनी पालकांसमोर जाहीर केलं. "बाई, दोन मिनिटं माझ्याशी लढा. हरलात तर पाटी उतरवा, हॉल माझा."

अध्यक्षांनी लगेच मान डोलावली.

बाई फरशी पुसत होत्या. फडकं बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "तुमच्या शैलीत सरावाची पहिली हालचाल कोणती?"

"अडवण्याची. खरा कराटेवाला पहिला वार कधीच करत नाही. आमच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय."

"आम्हीही तेच शिकवतो," म्हणत बाईंनी वाकून नमस्कार केला आणि अडवण्याच्या पवित्र्यात उभ्या राहिल्या.

अध्यक्षांनी घड्याळ लावलं. बाई हलेनात. महागुरूंची मूठ दोनदा शिवशिवली, पण पालक टक लावून बघत होते, म्हणून जागीच राहिली. कपाळावरून घाम तेवढा निघाला.

"वेळ संपली," अध्यक्ष पुटपुटले.

"हे काय कराटे झालं?" महागुरू खेकसले. "काहीच घडलं नाही."

"घडलं की," बाईंनी पुन्हा फडकं उचललं. "मी हरले नाही, तेव्हा पाटी राहील. आणि तुमच्या भिंतीवरचं आज पहिल्यांदाच तुमच्या हातात उतरलं."