घाण्याचा बैल नदीवर जातो

एकदा एका वृद्ध योगशिक्षिकेकडे एक नवी शिष्या आली. शिक्षिकेला सारे गाव अक्का म्हणे. शिष्येचे नाव वत्सला. वय एक्कावन्न, चेहरा हसरा आणि पाय सदा घाईत. आपण काही हौसेने आलेलो नाही, हे तिने आल्या आल्याच सांगून टाकले.

"डॉक्टरांनी पाठवलंय हो अक्का. वर्ष झालं पाळी जाऊन. म्हटलं, सुटले बाई एकदाची! तर आता अंगातून वाफा निघतात, जिना चढलं की छातीत धडधडतं. तपासण्या झाल्या, रक्तदाब वाढलाय. औषध घेतेच आहे, वर व्यायाम करा म्हणतात. पहाटेपासून मी घाण्याच्या बैलासारखी राबते, मला मेलीला आणखी व्यायाम कशाला?"

मग तिचा आवाज उतरला. थोरली बहीण पंचावन्नाव्या वर्षी, गच्चीवर कुरडया घालता घालता, हृदयविकाराने गेली होती. तिलाही कधी स्वस्थ बसलेले कुणी पाहिले नव्हते. आता आपलीही तीच गत होणार, ही भीती वत्सलाने घरात कुणाला बोलून दाखवली नव्हती.

अक्कांनी आसन शिकवले नाही की उपदेश केला नाही. "उद्या संध्याकाळी ये," एवढेच म्हणाल्या. "बैल सोडायचाय."

अक्कांच्या शेजारीच तेलाचा घाणा होता. दुसऱ्या दिवशी घाणेवाल्या दादांनी बैलाच्या डोळ्यांवरची झापडे काढली आणि अक्कांनी कासरा सरळ वत्सलाच्या हातात दिला. नदीवर न्यायचे, पाणी पाजायचे, परत आणायचे. वत्सला चकितच झाली. पण वडीलधाऱ्यांपुढे बोलायचे कसे, म्हणून निघाली. बैल आधी रेंगाळला, मग मान उंचावून असा चालू लागला की तिला पदर खोचावा लागला. मग रोज हेच ठरले; परतल्यावर अक्का तिला कडुनिंबाखाली बसवीत आणि श्वास सावकाश सोडायला लावीत. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी मात्र तिचा धीर सुटला. "अक्का, योग शिकवणार तरी कधी? आणि हा मुका जीव दिवसभर चालतो, त्याला पुन्हा कशाला चालवायचं?"

"हे त्याच्या मालकालाच विचार की," अक्का हसून म्हणाल्या.

दादा कासरा गुंडाळत होते. "ताई, दिवसभर तो फिरतो," ते म्हणाले. "चालतो फक्त संध्याकाळी. नाही नेला तर पाय आखडतात त्याचे."

अक्कांनी वत्सलाचा हात हातात घेतला.

"घरकामही असंच असतं, बाळ. वाकायचं, उठायचं, धावायचं, मधेच थांबायचं, आणि वर डोक्यात शंभर काळज्या. ते वाया जात नाही. पण हृदयाला हवी ती सलग लय त्यात क्वचितच सापडते. आजवर पाळीच्या चक्राबरोबर निसर्ग तुझ्या हृदयाची थोडी राखण करीत होता. तो राखणदार आता रजेवर गेला, म्हणजे राखण तुझी तुलाच करायची. औषध सोडायचं नाही. छातीत दुखलं तर आधी डॉक्टर, योग नंतर. पण रोज अर्धा तास असं चालायचं, की बोलता यावं आणि ओवी मात्र म्हणता येऊ नये. मग चार आसनं, मग शांत श्वास. ती मी उद्यापासून शिकवते." मग त्या म्हणाल्या, "तुझी बहीण कष्टाला कमी पडली नाही गं. तिचा बैल कुणी सोडलाच नाही."

वत्सलाच्या डोळ्यांना धार लागली. अक्कांनी तिला मनसोक्त रडू दिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्कांकडे निघालेली वत्सला वाटेत धाकट्या जावेच्या दारात थांबली. जाऊ सत्तेचाळीस वर्षांची. घामाघूम होऊन कणीक मळत होती.

"चल गं, बैल सोडायचाय."

"अहो ताई, आपल्याकडे कुठला आलाय बैल?"

वत्सलाने तिच्यापुढची परात बाजूला सारली.

"दोन आहेत," ती म्हणाली. "हात धू आणि चपला घाल."