सुरंगीची लेकरं

फार फार वर्षांपूर्वी, झाडं बोलायची आणि माणसं ऐकून घ्यायची, त्या काळात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाबाहेर देवीची राई होती आणि राईच्या मधोमध सुरंगीचं एक म्हातारं झाड. त्याच्या फुलांची वेणी दर वसंतात देवीला चढायची. ती वेणी गावची गुरवीण करायची. राईत पातं चालवायचं नाही, असा जुना नेम होता. लोक कोयता बाहेर ठेवूनच आत शिरत.

एकदा कुणीतरी हौसेनं राईच्या कडेला घाणेरीचं झुडूप लावलं. फुलं रंगीबेरंगी, फळं पाखरांच्या आवडीची. पाखरांनी तिच्या बिया राईभर नेल्या. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. घाणेरी पुरुषभर उंच झाली आणि झाडांखाली भरदुपारी काळोख दाटला.

गुरव म्हणाला, "तीही देवीच्या आसऱ्याला आली आहे. पातं लावायचं नाही."

एका सकाळी फुलं वेचताना गुरविणीला सुरंगी म्हणाली, "बाय, मी आता थकले. दर पावसात माझ्या बिया रुजतात आणि या काळोखात झुरून जातात. एक तरी लेकरू जगलेलं पाहू दे."

गुरवीण कळवळली. तिनं गावात ही गोष्ट सांगितली. गावचा कारभारी म्हणजे एक घाव दोन तुकडे करणारा माणूस. त्यानं नेम बाजूला सारला आणि कोयतेवाले धाडले. त्यांनी घाणेरी तोडली आणि वर सावली धरणारी झाडंही तोडली. "उजेडच हवा ना? मग घे म्हणावं," कारभारी म्हणाला. अर्धी राई उघडी पडली, तेव्हा गुरव वाटेत आडवा झाला आणि कोयते थांबले.

त्या उघड्या अर्ध्यात सुरंगीची काही फिकट रोपं तग धरून होती. ती चैत्राच्या उन्हात करपली. पाऊस पडला आणि घाणेरीच्या बुंध्यांना दुप्पट धुमारे फुटले.

पारावर भांडण जुंपलं. गुरव म्हणाला, "सांगत होतो, पातं लावू नका." कारभारी म्हणाला, "आणि तुम्ही हात जोडून बसलात, त्यानं काय झालं?"

गुरवीण उठली आणि सरळ सुरंगीकडे गेली.

सुरंगी म्हणाली, "दोघांनीही मला विचारलं नाही. काळोखात माझी लेकरं गुदमरतात. उघड्या उन्हात ती करपतात आणि घाणेरी माजते. त्यांना मोठ्या झाडांच्या पानांतून गाळून आलेलं ऊन पुरतं. वरची सावली ठेव, खालची गर्दी काढ."

गुरविणीनं घरी येऊन सुरंगीचं म्हणणं सांगितलं आणि घाणेरी काढायला कमरेला पदर खोचला. गुरव म्हणाला, "अगं, नेम मोडेल."

"अहो, मनाई पात्याला आहे. हातांना कुणी केली? देवीची फुलं मी हातांनीच तोडते ना?"

गुरवानं आपल्या हातांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "थांब, मीही येतो."

माती ओली होती. दोघांना पाहून राहिलेल्या अर्ध्या राईत सगळा गाव घाणेरी मुळासकट उपटू लागला. कारभाऱ्याचे हात काट्यांनी ओरबाडले. "तोडणं सोपं होतं," तो पुटपुटला, पण थांबला नाही. दर पावसात नवे कोंब उपटायचे, असा नवा नेम ठरला. उघड्या अर्ध्यातली घाणेरीही उपटली आणि तिथं आधी सावलीची झाडं लावली.

पुढच्या वैशाखात गुरवीण धास्तावूनच राईत गेली. बुंध्यापाशी सुरंगीची रोपं उभी होती, गडद हिरवी. ती तिथंच मातीत बसली आणि तिला रडू आलं.

"सुटले गं बाय," सुरंगी म्हणाली.

काही वर्षांनी एका वादळात म्हातारी सुरंगी कोसळली. गाव हळहळला, पण घाबरला नाही. पुढच्या वसंतात तिच्या लेकरांना पहिली फुलं आली. केस पिकलेल्या गुरविणीनं त्यांची लहानशी वेणी केली आणि देवीला चढवली.

तात्पर्य: जपणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे आणि कोयता घेऊन धावणंही नव्हे, ज्याला जपायचं, त्याला काय सोसतं ते आधी विचारावं.